कुमारांसाठी क्रमशः ऐतिहासिक साहसकथा: कोणते काम आधी, कोणते नंतर

क्रमशः कथेचा पहिला हप्ता सहसा उत्साहात लिहून होतो, तिसऱ्या हप्त्यापर्यंत घोडी दौडतात, आणि पाचव्या हप्त्याला बसल्यावर लेखकाच्या ध्यानात येते की, नायकाला जिथे पोचवायचे ठरवले होते तिथे त्या दिवशी कोणीच नव्हते. तोवर आधीचे चार हप्ते छापून गेलेले असतात आणि ते परत घेता येत नाहीत. कादंबरी एकदम लिहिणाऱ्याला मागे जाऊन दुरुस्ती करण्याची जी मुभा असते, ती हप्त्यांनी लिहिणाऱ्याला नसते; म्हणून या प्रकारात कामांचा क्रम चुकला की पुढचे सगळेच चुकत जाते.

खालील टप्प्यांमध्ये उदाहरण एकच घेतले आहे: १६६० साली पन्हाळ्याला पडलेला सिद्दी जौहरचा वेढा आणि शिवाजीराजांचे तिथून विशाळगडाकडे निसटणे. दहा ते चौदा वर्षांच्या जवळजवळ प्रत्येक मराठी वाचकाला या प्रसंगाचा शेवट पाठ असतो, आणि ऐतिहासिक साहसकथेची सर्वांत मोठी अडचण नेमकी तीच आहे.

टप्पा १: प्रसंगाचा लहान तुकडा निवडावा

‘शिवकाळातील एका मुलाची गोष्ट’ हा कथेचा विषय होऊ शकत नाही. जागा, आरंभ आणि अखेर या तीनही गोष्टी एका वाक्यात सांगता येतील एवढाच तुकडा घ्यावा: मार्च १६६० च्या सुरुवातीपासून सप्टेंबरपर्यंतचा पन्हाळगड. वेढ्याच्या कथेत भूगोल आपोआप मर्यादित राहतो, दाणागोटा रोज घटत असल्याने काळाचा ताण वेगळा निर्माण करावा लागत नाही, आणि गडावर कुटुंबे राहत असल्याने तिथे मूल का होते याचे कृत्रिम कारण शोधावे लागत नाही.

अखेर कुठे करायची, याचा निर्णयही इथेच घ्यावा. बहुतेक लेखक कथा घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, संपवतात. वस्तुतः राजे निसटल्यानंतरही गड सुमारे दोन महिने लढत राहिला आणि सप्टेंबरात तो आदिलशाहीच्या हवाली करण्यात आला. मागे राहिलेल्यांचे ते दोन महिने कुमार वाचकाला ठाऊक नसतात. माझ्या मते कथेची खरी जागा तिथे आहे.

टप्पा २: तिथींची वही लिहावी

हे काम कंटाळवाणे असल्याने बहुतेक जण ते टाळतात आणि नंतर त्याचीच किंमत मोजतात. कथेच्या कालखंडातील प्रत्येक आठवड्यासाठी वहीचे एक पान ठेवून त्यावर इंग्रजी तारीख, तिथी, चंद्राची स्थिती, ऋतू, शेतीचे काम आणि सण एवढे नोंदवावे.

येथे एक नेहमीचा घोटाळा होतो. मराठ्यांच्या इतिहासावरील पुस्तकांत सतराव्या शतकातील घटनांच्या ज्या इंग्रजी तारखा रूढ आहेत, त्या बहुधा जुन्या, म्हणजे ज्युलियन, पद्धतीच्या असतात. संगणकावर किंवा मोबाइलवर मागचा चंद्र दाखवणारी साधने अनेकदा आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने मोजतात. सतराव्या शतकात या दोन्हींत दहा दिवसांचे अंतर आहे. पन्हाळ्याहून निसटण्याची रूढ तारीख १२ जुलै १६६० आहे. ती तशीच आजच्या पद्धतीने तपासली, तर पौर्णिमा दहा दिवस दूर दिसते आणि लेखक बिनधास्त ‘काळोखी रात्र’ लिहून मोकळा होतो. दहा दिवस मिळवून २२ जुलै धरल्यावर चंद्र बरोबर आषाढ पौर्णिमेचा निघतो.

हा फरक केवळ अभ्यासकांपुरता नाही. आषाढातले दाट ढग आणि त्यांच्यामागे पूर्ण चंद्र अशी रात्र मिट्ट काळी नसते. सगळीकडे राखी रंगाचा मंद उजेड पसरलेला असतो. त्या उजेडात पालखीचा आकार आणि भोयांची हालचाल दिसू शकते, पण पालखीत कोण बसले आहे ते ओळखू येत नाही. तटावरून चोरून पाहणाऱ्या मुलीला नेमके एवढेच दिसावे, अशी या कथेची गरज आहे, आणि ती पंचांगानेच भागवली आहे.

वहीतून आणखीही बरेच हाती लागते. वेढा फाल्गुनात सुरू झाल्याने होळी, गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि वटपौर्णिमा हे सण वेढ्यातच येतात. शके १५८१ सरून १५८२ सुरू होते, तेही गडाला वेढा असतानाच. पालखी निघण्याच्या चार दिवस आधी आषाढी एकादशी आहे. हप्त्यांचे अर्धे प्रसंग या नोंदींमधून आपसूक सुचतात.

तपासणी: वहीचे कोणतेही पान उघडून ‘आज रात्री चंद्र किती वाजता उगवेल आणि पाऊस आहे का?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर देता येत नसेल, तर त्या आठवड्यातला प्रसंग अजून लिहायला घेऊ नये.

टप्पा ३: माहितीचे तीन रकाने करावेत

पहिल्या रकान्यात समकालीन किंवा त्याच्या जवळच्या साधनांनी पक्के झालेले लिहावे. परमानंदांचे शिवभारत वेढ्याच्या काळाला अगदी जवळचे आहे, जेधे शकावलीत, म्हणजे जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदींत, तिथी मिळतात, आणि सभासद बखर १६९७ ची आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे सदतीस वर्षांची. दुसऱ्या रकान्यात परंपरेने सांगितले गेलेले लिहावे; शिवा काशीद यांच्या पालखीची कथा किंवा विशाळगडावरून झालेल्या तोफांच्या इशाऱ्याचे तपशील हे या रकान्यातले. तिसऱ्या रकान्यात आपण कल्पिलेले सर्व काही ठेवावे.

दुसऱ्या रकान्यातला मजकूर वगळण्याचे कारण नाही. वाचक त्याची वाट पाहत असतो. तो निवेदकाच्या तोंडी ठाम विधान म्हणून न घालता पात्रांच्या बोलण्यातून यावा. गडावर बातमी जशी पसरत असेल तशी, कोणी एक सांगतो, दुसरा त्यात भर घालतो, अशी ती आली की सत्यालाही धक्का लागत नाही आणि प्रसंगही जिवंत होतो.

सावधान: तिसऱ्या रकान्यातील गोष्टीने पहिल्या रकान्यातील गोष्टीचे श्रेय घेऊ नये. बारा वर्षांच्या मुलाने राजांना निसटण्याची युक्ती सुचवली, हा या प्रकारातला सर्वांत जास्त वापरला गेलेला आणि सर्वांत खोटा प्रसंग आहे. चौदा वर्षांच्या वाचकाला तो पटत नाही, आणि दहा वर्षांच्या वाचकाला तो खराच वाटतो. दोन्ही परिणाम वाईट.

टप्पा ४: ज्याचे पुढे काय झाले हे इतिहासाला ठाऊक नाही, असे पात्र घडवावे

राजे सुखरूप पोचणार आणि बाजीप्रभू खिंडीत पडणार, हे वाचक जाणतो. त्यामुळे या दोघांच्या जिवावर हप्त्याची उत्कंठा टांगता येत नाही. उत्कंठा कल्पित पात्राच्या दैवावर टांगावी, आणि ते दैव पक्क्या घटनेच्या एखाद्या फटीत बसवावे.

पन्हाळ्यावर गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेली धान्याची प्रचंड कोठारे आजही उभी आहेत. त्यांनाच अंबरखाना म्हणतात. त्या कोठारात धान्य मापून देणाऱ्या मापाऱ्याची बारा वर्षांची मुलगी, सगुणा, आपली नायिका. तिचा थोरला भाऊ राणोजी पालखीचा भोई आहे. आषाढ पौर्णिमेच्या रात्री दोन पालख्या निघतात. त्यांतली एक शत्रूच्या हाती लागणार, हे वाचकाला ठाऊक आहे. राणोजीचा खांदा कोणत्या पालखीला आहे, हे सगुणाला ठाऊक नाही, वाचकालाही नाही, आणि जगातल्या कोणत्याही कागदात ते लिहिलेले नाही.

अशी फट सापडेपर्यंत पुढच्या टप्प्याकडे वळू नये. ती सापडली की वाचकाला शेवट माहीत असण्याची अडचण उरत नाही, उलट त्याचे ज्ञानच त्याला घाबरवू लागते.

मूल कुठे जाऊ शकते आणि कुठे नाही, हेही ठरवून टाकावे. मापाऱ्याची मुलगी सदरेवर खलबताला बसणार नाही. ती कोठारात, विहिरीवर, तटाच्या आडोशाला आणि जखमी आणले जातात त्या पडवीत असू शकते. राजांचे दर्शन तिला दुरून, एकदाच व्हावे, तेही सहाव्या-सातव्या हप्त्याच्या आधी नको.

टप्पा ५: वस्तू आणि नावे चाळणीतून काढावीत

तलवार आणि पगडी सर्वांच्याच लक्षात राहतात. चूक होते ती स्वयंपाकघरात. आषाढी एकादशीच्या हप्त्यात साबुदाण्याची खिचडी आली की कथा बुडाली. साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद आणि शेंगदाणा, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. १६६० च्या गडावरील उपासाला वरीचे तांदूळ द्यावेत. तिखटासाठी मिरीवर भागवणे सुरक्षित. टोमॅटो, बटाटा आणि चहा यांचा विचारही नको. काड्यापेटीचा शोध एकोणिसाव्या शतकातला, तेव्हा चूल पेटेल ती चकमकीने किंवा राखेखाली जपलेल्या निखाऱ्याने. बंदूक तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडणारी, असणार. पावसात तोडा भिजला की ती उडत नाही, ही गोष्ट लढाईच्या वर्णनात विसरू नये.

नावांची चाळणी आणखी बारीक असावी. पावनखिंड हे नाव लढाईनंतरचे. त्या रात्रीपर्यंत ती घोडखिंड होती. विशाळगड हे नाव मात्र नुकतेच, १६५९ मध्ये, खेळणा किल्ला घेतल्यावर मिळालेले, म्हणून गडावरचे म्हातारे सवयीने ‘खेळणा’ म्हणतील आणि पोरे त्यांना दुरुस्त करतील. पन्हाळ्याशेजारचा पावनगड अजून बांधलेला नाही. राज्याभिषेक १६७४ चा असल्याने १६६० मधले कोणतेही पात्र ‘छत्रपती’ म्हणणार नाही, ‘राजे’ म्हणेल. शिवराई हे नाणेही राज्याभिषेकाच्या सुमाराचे, म्हणून सगुणाच्या मुठीत ते देऊ नये.

मापे ठरवून ठेवावीत: बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. वेळ घटका आणि प्रहर यांत मोजावी. घटका चोवीस मिनिटांची, प्रहर तीन तासांचा.

सावधान: हे सगळे जमवल्यावर ते सगळे कथेत ओतण्याचा मोह होतो. चाळणी चुका गाळण्यासाठी असते. जमवलेल्यातले नव्वद टक्के वाचकाला कधीही दिसू नये.

टप्पा ६: बारा हप्त्यांचा तक्ता आखावा

मासिकासाठी बारा हप्ते, प्रत्येकी साधारण बाराशे ते पंधराशे शब्द, हा हिशेब सोयीचा आहे. साप्ताहिक पुरवणीसाठी आठशे शब्द पुरतात, पण तिथे हप्ते वाढतात. संपादकांनी वेगळी मर्यादा सांगितली असल्यास अर्थात तीच पाळावी.

तक्त्यात प्रत्येक हप्त्यासमोर घटना लिहू नये, प्रश्न लिहावा. या हप्त्यात कोणता जुना प्रश्न सुटतो आणि कोणता नवा उभा राहतो, एवढेच. ज्या हप्त्यात काहीच सुटत नाही तो रेंगाळतो. ज्यात सगळेच सुटते त्याच्यानंतर वाचक पुढचा अंक मागत नाही.

आपल्या कथेत पहिले चार हप्ते कोठाराभोवती फिरतात: होळीच्या आधी वेढा पडतो, पाडव्याला गुढीपुढे ठेवायला पुरेसे काही नसते, आणि धान्याच्या मोजणीत काही तरी लपवले जात असल्याचा संशय सगुणाला येतो. मधल्या हप्त्यांत बाहेरचे जग येते. राजापूरच्या वखारीतला इंग्रज रेव्हिंग्टन आपल्या तोफा घेऊन सिद्दीच्या मदतीला येतो, ही पहिल्या रकान्यातली पक्की घटना दोन हप्त्यांना पुरते. नेताजी पालकर वेढा फोडण्याचा प्रयत्न करतात आणि तो फसतो. तटावरून दुरून दिसणारी ती धूळ आणि मग पडणारी शांतता, एवढ्यावर एक हप्ता उभा राहतो. नववा हप्ता एकादशीचा, दहावा पौर्णिमेच्या रात्रीचा. शेवटचे दोन वाट पाहण्याचे.

येथे एका चुकीविषयी वेगळे सांगायला हवे. हिंदू एका बाजूला आणि मुसलमान दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी करून लढाई मांडली जाते, आणि ती याच प्रसंगात टिकत नाही. नेताजींबरोबर वेढा फोडायला आलेल्यांत सिद्दी हिलाल होते, आणि विशाळगडाला आदिलशाहीच्या वतीने वेढा घालून बसलेले होते ते सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी. मुलांना ही गुंतागुंत समजते. त्यांच्या वर्गातल्या गटबाजीत ती याहून जास्त असते.

तपासणी: तक्त्यातले कोणतेही दोन शेजारचे हप्ते अदलाबदल करून पाहावेत. कथा तशीच चालली, तर त्या दोघांतला एक अनावश्यक आहे.

टप्पा ७: हप्त्याची सुरुवात आणि शेवट आधी लिहावेत

हप्त्याच्या पहिल्या शंभर शब्दांत मागचा अंक न वाचलेल्या मुलाला पुरेल एवढे सांगून व्हावे. ‘मागील भागात आपण पाहिले की’ या वाक्याने सुरुवात केली, तर नियमित वाचक पहिला परिच्छेद सोडून देतो. त्याऐवजी आठवण कृतीतून द्यावी: ‘राणोजीला जाऊन चार दिवस झाले होते. सगुणा अजूनही त्याच्या वाटणीची भाकरी बाजूला काढून ठेवत होती आणि आई ती रोज संध्याकाळी गुपचूप धाकट्याला देत होती.’ नव्या वाचकाला तीन पात्रे आणि एक प्रश्न मिळाला, जुन्याला काही नवे कळले.

शेवटाच्या बाबतीत खोटी धडकी ही सर्वांत मोठी खोड आहे. ‘तेवढ्यात तिच्या खांद्यावर मागून कोणाचा तरी हात पडला! (क्रमशः)’ असे छापायचे आणि महिनाभराने तो हात आईचा निघायचा. एकदा हे केले की वाचक पुढच्या धोक्यावर विश्वास ठेवत नाही. शेवट अशा माहितीवर करावा, जी नंतर मागे घेता येणार नाही. चौथ्या हप्त्याचा शेवट असा ठेवता येईल:

कारकुनाने मान वर न करता विचारले, “किती भरले?”

“बारा खंडी,” आबा म्हणाले.

सगुणाने ओच्यात हात घातला. खंडीमागे एक खडा तिने टाकला होता. खडे नऊच होते.

“आबा, पण…”

“घरी जा,” आबा म्हणाले. तिच्याकडे त्यांनी पाहिले नाही.

धोका नाही, आरडाओरड नाही, उद्गारचिन्हही नाही. पण वडील खोटे का बोलले, हे कळल्याशिवाय वाचकाला राहवणार नाही, आणि पुढच्या हप्त्यात त्याचे जे काही उत्तर मिळेल त्याने गोष्ट बदललेलीच असेल.

टप्पा ८: भाषेची पट्टी ठरवून ती शेवटपर्यंत ठेवावी

निवेदन आजच्या प्रमाण मराठीत असावे. ‘जाहले’, ‘म्हणोन’, ‘येणेप्रमाणे’ अशी बखरीची भाषा दोन परिच्छेद शोभते आणि तिसऱ्यात मुलाला झोप आणते. जुनेपणा संवादातल्या संबोधनांत आणि वस्तूंच्या नावांत असू द्यावा. सगुणा वडिलांना ‘आबा, तुम्ही’ म्हणेल, भावाला ‘दादा, तू’. गडावरचा अधिकारी हवालदार, सबनीस किंवा कारखानीस असेल. हे तिघेही सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभारात भेटतात. फारसी वळणाचे शब्द हट्टाने काढून टाकू नयेत. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश राज्याभिषेकानंतरचा आहे; १६६० मधला कारकून फर्द, रुजुवात आणि शिल्लक असेच बोलणार.

एका हप्त्यात चार-पाचांहून अधिक अनोळखी शब्द नकोत, आणि प्रत्येकाचा अर्थ पात्राच्या कृतीतून कळावा. तळटीप दिली की मूल गोष्टीतून बाहेर येते.

मृत्यूचे वर्णन टाळू नये, पण ते मुलीच्या नजरेच्या टप्प्यात ठेवावे. बाजीप्रभूंचे पडणे सगुणा पाहू शकत नाही. ते तिला काही दिवसांनी कळेल, कळवणाऱ्यालाही ते नीट सांगता येणार नाही. तेवढे पुरे.

टप्पा ९: चार हप्ते हाती असल्याशिवाय पहिला छापायला देऊ नये

पहिले चार हप्ते पूर्ण लिहावेत आणि बाराव्या हप्त्याचा शेवटचा प्रसंगही लिहून ठेवावा. मग ते पाच-सहा मुलांना मोठ्याने वाचून दाखवावेत. ‘आवडले का?’ असे विचारल्यास सगळी मुले भिडेने हो म्हणतात. ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे. सर्वांचे उत्तर एकच आले, तर कथा फार सरळ चालली आहे. कोणालाच काही सांगता आले नाही, तर मांडलेला प्रश्नच पोचलेला नाही.

संपादकांना पाठवताना हप्त्यांसोबत बारा ओळींचा तक्ता आणि चित्रकारासाठी एक पान जोडावे. हे पान बहुतेक जण विसरतात आणि मग दहाव्या हप्त्यावर चंद्रकोर छापली जाते. त्या पानावर काय काढावे यापेक्षा काय काढू नये हे लिहिणे अधिक उपयोगाचे: पौर्णिमेच्या रात्री कोर नको, पावनगड नको, कोठारात पोत्यांवर इंग्रजी शिक्के नकोत, आणि खिंडीतले चित्र आजच्या पुतळ्यावरून उतरवू नये.

हप्ता छापून आल्यावर वाचकाने चूक दाखवली आणि ती खरी निघाली, तर पुढच्या अंकात दोन ओळींत दुरुस्ती द्यावी. कथेच्या ओघात ती गुपचूप बदलू नये. जी मुले अंक जपून ठेवतात, त्यांच्या हे सर्वांत आधी लक्षात येते. त्याच दिवशी तिथींच्या वहीतही खूण करावी, कारण पुस्तक निघेल तेव्हा दुरुस्त्या शोधण्याची जागा तीच असेल.